पश्मीवाल्या माईंना

माई, परवा सकाळी पाटाच्या पुलावर त्या पांढऱ्या टोपीवाल्या आजोबांनी मला अडवलं. रोज समोरून येतात ते, तुम्हाला लांबून हात करायचे ते. म्हणाले, "आज एकट्याच? कुत्र्यांच्या आजी बरेच दिवस दिसल्या नाहीत." माझ्या एका हातात हरणी, दुसऱ्या हातात पाव्हणा, दोघंही पट्टा ताणत होते. मी म्हणाले, "नाही आल्या." तुम्ही गेलात हे सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "पुन्हा गुडघा का?" मी म्हणाले, "हो, गुडघाच." आणि पुढे चालायला लागले. म्हणजे मखमलाबादच्या पाटावर अजून एक माणूस आहे, ज्याच्या लेखी तुम्ही घरात पाय शेकत बसल्या आहात. मला त्यांचा हेवा वाटला.

घरी माणसं येऊन गेली. सगळे म्हणाले, प्रेमळ होत्या, देवमाणूस होत्या. मी मान हलवत चहा देत होते. तुम्ही असतात तर आत येऊन मला म्हणाला असतात, "कोणाबद्दल बोलताहेत गं हे?" प्रेमळ होतात, पण ती काही पहिली गोष्ट नव्हती. पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही हट्टी होतात. इतक्या हट्टी, की आपल्या दोघींचा एक वाद अर्धा टाकून निघून गेलात. तो मी रोज एकटीच भांडतेय. तुमची बाजूही मीच मांडते, आणि खरं सांगू, तुमच्याइतकी चांगली मांडता येत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा ओट्यावर चांदणी बसलेली असायची. उंच, पोट आत गेलेली, लांब नाकाची, आणि कानांना, शेपटीला रेशमाच्या झालरी. मला कुत्र्यांची भीती. रस्त्यावरचं कुत्रं दिसलं तरी मी पलीकडच्या फुटपाथवर जाणारी. सासरी पाऊल टाकताना माप ओलांडायच्या आधी मी तिच्याकडे बघितलं आणि तिथेच थबकले. करवल्या हसायला लागल्या. तुम्ही पुढे आलात आणि सगळ्यांदेखत मला म्हणालात, "ती चावायची नाय. चावणं लांबच, ती तुझ्याकडे बघायचीसुद्धा नाय. तू कोण लागतेस तिची?"

आणि खरंच, तिने कितीतरी महिने माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्या भाकरीत दूध ओतायचे, ती भिंतीकडे बघत उभी राहायची, मी गेल्यावर खायची. शेवटी मलाच अपमान वाटायला लागला. एक दिवस मी दुपारी भाजी निवडत बसले होते आणि तिने येऊन आपलं लांबलचक नाक माझ्या मांडीवर ठेवलं. मी जिथल्या तिथे गोठले. तुम्ही दारातून बघत होतात. "झालीस आता घरची," म्हणालात. लग्नात इतके विधी झाले होते, पण मला घरची झाल्यासारखं वाटलं ते त्या दुपारी.

तुमचं लहानपण सिन्नरच्या पूर्वेच्या त्या कोरड्या माळावर गेलं, हे मी तुमच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की मला तो माळ माझाच वाटतो. तुमच्या वडिलांकडे पश्मी होत्या, चांदणीच्याच जातीची शिकारी कुत्री. मेंढरांबरोबर, खळ्यावर, घराच्या अंगणात. तुम्ही म्हणायचात, "मी चालायला शिकले ते पश्मीची शेपटी धरून." लग्न ठरलं तेव्हा तुम्ही एक पिल्लू बरोबर मागितलं, आणि तुमच्या सासऱ्यांनी निरोप पाठवला, सून आणायची आहे, शिकारखाना नाही. तुम्ही गप्प बसलात. आयुष्यात गप्प बसायची ती एकच वेळ असावी. मग संसार, मुलं, अप्पांचं आजारपण. अप्पा गेल्यावर वर्षभराने तुम्ही माहेरी गेलात आणि परत आलात त्या एसटीने, मांडीवर ज्वारीची पिशवी आणि पिशवीत चांदणी. कंडक्टरने विचारलं, "आजी, पिशवीत काय हलतंय?" तुम्ही म्हणालात, "नात." त्याने आत डोकावून बघितलं आणि पुढे गेला. ही गोष्ट सांगताना दर वेळी तुमचा चेहरा कसा व्हायचा! साठीच्या बाईला इतकं हवं असलेलं काही मिळालेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

तोपर्यंत माळावरच्या पश्मी कमी होत गेल्या होत्या. मेंढरं गेली, माणसं गाव सोडून कंपन्यांत आली, ज्यांना कुत्रं पाळायचं त्यांनी गुबगुबीत विदेशी पाळली. उरल्या त्या कुठल्या तरी कुत्र्यांत मिसळून गेल्या. तुमचे भाऊ, आमचे मामा, फोनवर म्हणायचे, "आपल्या गावात आता एकबी नाय." तुम्ही फोन ठेवून ओट्यावर चांदणीजवळ जाऊन बसायचात. तेव्हाच कधीतरी तुमच्या डोक्यात शो घुसला. पेपरात फोटो आला होता, कॉलेजच्या मैदानावर श्वानस्पर्धा. तुम्ही चष्मा लावून तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिलात आणि विचारलंत, "यात आपली का नाय?"

तोवर चांदणी थकली होती. मामांनी कुठून कुठून चौकशी करून एक नर शोधला होता, आणि चांदणीच्या शेवटच्या वेतातली हरणी घरात होती. तिच्यासारखी चाल मी अजूनही दुसऱ्या कुठल्या जनावराची पाहिलेली नाही. ती चालायची तेव्हा पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं.

आपला पहिला शो आठवतो? नोंदणीच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "ब्रीड?"

तुम्ही म्हणालात, "पश्मी."

"पर्शियन? ते मांजर असतं, आजी."

"मी नाशिकची आहे बाबा, पण आंधळी नाही. हे मांजर दिसतं का तुला?"

त्याने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. यादीत पश्मी नव्हतीच. तो म्हणाला, यादीत बिनझालरीची कारवानी आहे, तेच लिहितो. तुम्ही म्हणालात, "कारवानी हिची चुलत बहीण. लिही तसं." तो हसला, त्याने कारवानीच लिहिलं. मग रिंगमध्ये ते परीक्षक आले. त्यांनी हरणीच्या दातांना हात लावला आणि ती अशी मागे सरली की पट्टाच तुमच्या हातातून सुटता सुटता राहिला. परक्याचा हात तिला नकोच असायचा. परीक्षकांनी कानाची झालर बघून हिंदीत विचारलं, विदेशी रक्त आहे का हिच्यात, सालुकी वगैरे? मी दोरीबाहेरून तुम्हाला सांगितलं, सालुकी म्हणजे अरबस्तानातलं कुत्रं. तुम्ही रिंगच्या मधोमध उभ्या राहून मोठ्याने म्हणालात, "आपल्या घरच्या पोरीला शेजारच्याची म्हणतात होय!" लोक हसले. परीक्षकांना कळलं नाही, पण तेही हसले. आपल्याला काही मिळालं नाही.

परत जाताना एका तरुण हँडलरने, लोकांची कुत्री रिंगमध्ये पळवणाऱ्याने, तुम्हाला बाजूला घेतलं. तो भला माणूस होता, मनापासून सांगत होता. "काकू, कुत्री फार सुंदर आहे. कानाचे, शेपटीचे केस बारीक करा. कारवानी म्हणून उभी करा. पुढच्या वेळी पहिली येईल, लिहून देतो."

व्हॅनमध्ये मी म्हणाले, काय हरकत आहे? केस तर आहेत, पुन्हा येतील. तुम्ही पाठीमागे हरणीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतात. म्हणालात, "नाव बदलून बक्षीस घ्यायचं? मग ते बक्षीस कोणाचं?" मी म्हणाले, माई, लोकांनी निदान तिच्याकडे बघितलं तरी असतं. तुम्ही म्हणालात, "त्यांनी कारवानीकडे बघितलं असतं. हिच्याकडे नाही." द्वारका चौक येईपर्यंत आपण भांडलो. संजय गाडी चालवत होता, तो एकदाही बोलला नाही. आई-बायकोच्या भांडणांचा त्याला अनुभव होता.

मग तुम्ही हरणीला माणसांची सवय लावायला घेतली. रोज संध्याकाळी रिक्षा करून पंचवटीच्या भाजीबाजारात. गर्दी, हॉर्न, गाई, पुजारी, दुचाकी, सगळ्यांतून ती तुमच्याबरोबर नाक वर करून चालायची. तुम्ही भाजीवाल्यांना सांगायचात, "जरा हिचे दात बघ गं." कोथिंबीरवाली म्हणाली, "माझे कोणी बघत नाय, अन् मी हिचे बघू?" पण बघितले तिने. सगळ्यांनी बघितले. बटाटेवाला तर रोज दाढा तपासायचा आणि "ओके पास" म्हणायचा. ती हळूहळू स्थिर उभी राहायला शिकली. मागच्या आठवड्यात मी बाजारात गेले तेव्हा कोथिंबीरवालीने हरणीला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. काही विचारलं नाही तिने. एक जुडी पिशवीत टाकली आणि पदराने डोळे पुसले. तिला मला काही सांगावं लागलं नाही, त्यासाठी मी तिची आभारी आहे.

रिंगमध्ये तुम्ही साडीवर कॅनव्हासचे बूट घालून पळायचात. निऱ्या वर खोचून, कपाळावर भलं मोठं कुंकू. अप्पा गेल्यावरही तुम्ही कुंकू सोडलं नाही, हाही एक हट्टच. पोरं मोबाइल काढून व्हिडिओ करायची. मला आधी लाज वाटायची. मग एका शोला तुमचा गुडघा धरला, तुम्ही वळणावरच थांबलात, आणि दोरीबाहेर उभ्या असलेल्या माझ्या हातात पट्टा देऊन म्हणालात, "तू पळ."

"मी? मला येत नाही माई."

"तुला कुठे काय करायचंय? ती पळेल. तू नुसती मध्ये येऊ नकोस."

शिकवणीतलं तुमचं एवढंच वाक्य. त्यानंतरचे सगळे हिवाळे मी पळाले. सकाळी पाटाच्या कडेने सराव, दुपारी नोकरी, रविवारी कुठल्या तरी शहरातलं मैदान. तुम्ही खुर्ची टाकून बसायचात आणि सगळ्या रिंगला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचात, "पट्टा ढिला सोड गं मनीषा, तिला म्हैस समजलीस काय!" आणि एका शोमध्ये, झालरीसकट, त्या परीक्षक बाईंनी हरणीला पुन्हा पळवून बघितलं. मग आणखी एकदा. मग माझ्याजवळ येऊन विचारलं, "हिला तुमच्याकडे काय म्हणतात?" मी म्हणाले, पश्मी. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि देशी शिकारी कुत्र्यांत आपल्याला तिसरा नंबर दिला. माइकवरून पश्मी असंच पुकारलं. तुम्हाला खुर्चीतून उठता येत नव्हतं. तुम्ही दोन्ही हात वर केलेत, लहान मुलं उचलून घे म्हणून करतात तसे, आणि मी पळत येऊन तुम्हाला उचललं. बक्षिसाची ती ढाल मी पुसून ठेवलीय. पण मला ढाल आठवत नाही फारशी, तुमचं वजन आठवतं. किती हलक्या होतात माई.

आता वादाकडे येते. टाळून चालणार नाही.

हरणीचं पहिलं वेत अवघड गेलं. भर दुपारी कळा सुरू झाल्या, पिल्लू अडलं, आपण तिला चादरीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट फाडलं. पिल्लं बाहेर काढली ती एकामागून एक निपचित. एकच हललं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गर्भपिशवी फाटली होती, शिवली आहे, पण पुन्हा गाभण राहिली तर ही वाचेल याची खात्री नाही, आत्ताच काढून टाकू का? तुम्ही म्हणालात, "आत्ता नको." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही.

वाचलेलं पिल्लू हाताच्या ओंजळीएवढं होतं. तुम्ही त्याला बाटलीने दूध पाजलं, पोटाशी बांधून घरभर फिरलात. नाव ठेवलंत पाव्हणा. "राहतोय की जातोय कोण जाणे, पाव्हणाच म्हणायचं," म्हणालात. तो राहिला. पण गच्चीच्या जिन्यावरून पडला, मागचा पाय मोडला, प्लॅस्टर निघालं तरी लंगडत राहिला. तेव्हापासून तुम्ही त्याचा पट्टा कधी सोडला नाही. हरणीला मोकळं सोडणाऱ्या तुम्ही, त्याला मात्र अंगणातसुद्धा दोरीने फिरवायचात.

मग लातूरकडच्या पाटलांचा फोन आला. त्यांच्याकडे खरा पश्मी नर होता, मादीही होती. ते नर घेऊन यायला तयार होते. तुमच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो बघून मला आधी आनंदच झाला, आणि मग मी सावध झाले. मी म्हणाले, "माई, हरणी नाही. डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना?"

तुम्ही म्हणालात, "एकच वेत. ही गेली की संपलं सगळं. माझ्या बापापासून चालत आलेली जात आहे, मनीषा."

"मग पाव्हण्याला त्यांच्या मादीकडे नेऊ. रक्त तेच आहे."

"रक्त तेच, चाल कुठंय? लंगडतंय ते. चाल नसली तर नुसत्या केसांचं काय करायचं? गाद्या भरायच्या?"

"त्याचा पाय पडल्यामुळे मोडलाय. तो काही पिल्लांत उतरत नाही."

"चाल उतरते. आणि ती त्याच्यात आहे की नाही हे कोणाला माहितीय? मी तर नाही पाहिली."

मग मी ते बोलले. गार्गीच्या जन्माच्या वेळी माझं पोट फाडलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुसरं नको, हिच्या जिवाला धोका आहे. तेव्हा तुमच्या जावेने, नणंदेने घर डोक्यावर घेतलं होतं. मुलगा नाही, वंश कसा चालणार. मी आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत होते. तुम्ही बाहेर म्हणालात, "वंश गेला चुलीत. माझ्या सुनेचा जीव आधी." त्यानंतर या घरात तो विषय कोणी काढला नाही. मी तुम्हाला त्याचीच आठवण करून दिली. म्हणाले, "माई, माझ्या वेळी तुम्ही काय म्हणाला होतात? हरणी काय वेगळी आहे?"

तुम्ही उठून ओट्यावर गेलात. हरणी तुमच्या मागे गेली. मला वाटलं आता तुम्ही ओरडाल, पण तुम्ही तिच्या कानाच्या झालरीतून बोटं फिरवत बसलात. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणालात, "तू माणूस होतीस गं. तुझ्या जागी दुसरी कोणी येणार नव्हती, आणि तुझ्यासारख्या अजून लाखो होत्या. हिचं उलटं आहे." मला ते वाक्य अजून नीट उलगडत नाही. रागावले होते म्हणून तेव्हा विचारलं नाही. उद्या विचारू म्हटलं. मग श्रावण आला, पाहुणे आले, तुमचा गुडघा दुखायला लागला, पाटलांना तुम्ही "कळवते" म्हणून ठेवलंत. आणि त्या सकाळी चहाचा कप हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "छातीत कसंतरी होतंय," आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचलो नाही आपण.

कळवायचं काय होतं, माई? हो की नाही?

दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. पिंड ठेवून आम्ही मागे सरकून उभे होतो. कावळे होते, समोरच्या पायऱ्यांवर बसून होते, पण एकही पुढे येईना. संजय म्हणाला, गार्गीचं शिक्षण नीट करीन. नाही आला. नणंदबाई म्हणाल्या, माहेरचं येणंजाणं तोडणार नाही. नाही आला. भटजी म्हणाले, काही मनात राहिलंय का त्यांच्या? सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुमच्या नणंद, आत्याबाई, कानाशी आल्या, "म्हण ना गं, हरणीला पिल्लं होऊ देऊ. एक वाक्य तर आहे."

मी नाही म्हणाले, माई. बोलायला किती सोपं होतं. सगळे उन्हात उभे होते, मामांना चक्कर येत होती. पण तुमच्याशी मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, आणि पहिलं खोटं तिथे, त्या वेळी बोलायचं? मी हात जोडून म्हणाले, "हरणीला मी सांभाळीन. बाकीचं मला जमणार नाही." मोठ्याने म्हणाले. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. कावळा नाहीच आला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. घरी येताना गाडीत कोणी माझ्याशी बोललं नाही. फक्त गार्गीने माझा हात धरून ठेवला होता.

लोक म्हणतात तुमचा जीव अडकून राहिला. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तुम्हाला माझं उत्तर पटलं नाही आणि तुम्ही ते लपवलं नाही, नेहमीसारखंच.

पुढच्या आठवड्यात हरणीचं गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन ठरवलंय. तिच्या पोटात तुमच्या वडिलांचं अंगण आहे, हे मला कळतं. पण ती माझ्या पायाशी झोपते, झोपेत पळते, पंजे हलवते, आणि माझ्याच्याने होत नाही.

आणि आता कालचं सांगते. मामांना रामकुंडावरच्या त्या उन्हापासून बरं नाही, म्हणून त्यांना भेटायला आम्ही गेलो होतो. दोन्ही कुत्री बरोबर घेतली. संध्याकाळी मामा म्हणाले, "चल पोरी, हरणीला माळावर सोडू. शहरात कुठं पळायला मिळतंय तिला." पाऊस संपलाय, माळ अजून हिरवट आहे, गवत पोटरीपर्यंत. मी हरणीचा पट्टा काढला आणि ती सुटली. पाव्हणा गार्गीच्या हातात होता. आईला लांब जाताना बघून त्याने असा हिसका दिला की गार्गी गुडघ्यांवर पडली आणि पट्टा सुटला.

मी किंचाळले. "पाय! त्याचा पाय!" मी चपला टाकून धावत सुटले. मामा ओरडले, "थांब! थांब गं! बघ तरी!"

मी थांबले. बघितलं.

पहिल्या काही उड्यांत तो लंगडत होता. मग वेग आला आणि लंगडणं दिसेनासं झालं. पाठ धनुष्यासारखी वाकत होती, उघडत होती. कानांच्या झालरी मागे उडत होत्या. हरणी पुढे, तो मागे, आणि मध्ये ती एकच लय, पाय जमिनीला लागतात की नाही अशी. बांधापाशी दोघं वळली, तेव्हा मला क्षणभर कोण कुठलं ते ओळखता आलं नाही. त्याला आयुष्यात कोणी कधी सोडलंच नव्हतं माई. म्हणून आपल्याला कोणाला माहीतच नव्हतं. तुम्हालाही नाही.

मामा काठीवर भार देऊन उभे होते. त्यांचे डोळे वाहत होते. म्हणाले, "ही आमच्या बापाच्या कुत्र्यांची चाल. लय वर्सांनी बघितली." मग नाक पुसून म्हणाले, "त्या लातूरवाल्याला फोन लाव. त्याच्याकडं मादी हाय म्हनली होतीस ना?"

मी तिथेच उभं राहून फोन लावला. पाटील हो म्हणाले. दिवाळीनंतर आम्ही पाव्हण्याला घेऊन जाणार आहोत.

परत येताना थोडा वेळ तो तीन पायांवरच चालत होता. गाडीत गार्गीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. मी पुढच्या सीटवर बसून मनातल्या मनात तुम्हाला सगळं सांगत होते, सुरुवातीपासून, हातवारे करून. चाल आहे माई. मी म्हणत होते ना. तुम्ही आधी मान्यच केलं नसतं. म्हणाला असतात, माळ उताराचा आहे, उतारावर कोणीही पळतं. मग ओठ मुडपून पाव्हण्याचा पाय चेपत बसला असतात, आणि घर आल्यावर उतरता उतरता, माझ्याकडे न बघता म्हणाला असतात, "बरं. बरोबर होतं तुझं."

वाद मी जिंकले. मला फक्त तुमचं ते तोंड बघायचं होतं.